नवव्या दिवसाचं पाणी

बाबा, तुमच्या वाफ्यातून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ होतं. हे वाक्य मी तुम्हाला वेळेवर सांगायला हवं होतं. मी त्याच्या उलट सांगितलं, आणि तुम्ही ते खरं मानलं, कारण मी शिकलेली होते आणि सांडपाण्याच्याच खात्यात नोकरीला होते. तुम्ही जाऊन आता दहा वर्षं होत आली. त्या पाण्याबद्दल तुमच्या मनात जे शेवटचं राहिलं ते चुकीचं होतं, आणि ते मी घातलेलं होतं. एवढंच लिहायला बसले आहे. पण एवढंच लिहून उठता येत नाही.

कॉलनी तेव्हा नाशिकच्या अगदी टोकाला होती. पलीकडे कारखान्याची भिंत, अलीकडे माळ. शहराची गटारलाइन तिथवर आलेली नव्हती. ऐंशी क्वार्टरांचं मोरीचं आणि संडासाचं पाणी मागच्या नाल्यात जायचं आणि उन्हाळ्यात तिथेच वाळायचं. मग कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या साहेबांनी मनावर घेतलं. आधी एक झाकलेली टाकी, गाळ खाली बसायला. मग खडीनं भरलेले दोन लांब वाफे, त्यांत कर्दळ आणि पाणकणीस. शेवटी एक उघडा हौद, त्यात गप्पी मासे. हौदातलं पाणी पाटानं चिकूच्या झाडांना. साहेबांना हे सगळं कागदावर येत होतं, पण झाडं येत नव्हती, म्हणून त्यांनी कॉलनीच्या माळ्याला बोलावलं. तुम्ही गेलात. मुळं पाण्यातली घाण खातात, हे त्यांनी तुम्हाला एका दुपारी समजावलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे खताचंच काम की, साहेब. फक्त उलट्या बाजूनं." साहेब निवृत्त होऊन गेले. वाफे तुमच्याकडे राहिले.

मला ते वाफे पहाटेचे आठवतात. तुम्ही कडेच्या विटांवरून चालता आहात, मधेच एक पाय खडीवर टेकवून दाबता आहात. खडी कोरडी वाजली तर ठीक, पचकली तर त्या जागी पाणी तुंबलंय. एका वेळी एकच वाफा चालू असायचा. रविवारी तुम्ही लाकडी फळी उचलून पाणी दुसऱ्यात वळवायचात आणि पहिल्याला आठवडाभर वाळू द्यायचात. "याला सुट्टी मिळते," तुम्ही म्हणायचात, "आपल्यालाच नाही." मग हौदातल्या पाण्याची काचेची बाटली भरून तिच्यामागे वर्तमानपत्र धरायचात. बातमी वाचता आली तर पाणी पास. मी सातवीत होते. मोठ्यानं वाचायचं काम माझं. बाटलीतून अक्षरं फुगून दिसायची. लासलगावचे कांद्याचे भाव, कुठल्या तरी मंत्र्याचा दौरा, हरवलेल्या माणसाचं वर्णन. तुम्हाला बातमीत रस नव्हता. "अडखळलीस का?" एवढंच विचारायचात.

आई तुम्हाला पुढच्या दारानं घरात घेत नसे. मागच्या ओट्यावर बादली, साबण, वेगळा पंचा. आंघोळ झाल्यावर स्वयंपाकघरात पाट. भाकरी वाढताना तिचा हात ताटाच्या थोडा वरच थांबायचा. एकदा तुम्ही कर्दळीची लाल फुलं आणलीत, ओंजळ भरून. ती म्हणाली, "देवाला नाही चालायची." तुम्ही ती पाण्याच्या तांब्यात ठेवून खिडकीत ठेवलीत. तिसऱ्या दिवशी तीच त्यांचं पाणी बदलत होती. मी पाहिलं हे तिला कळलं तेव्हा म्हणाली, "फुलांचा काय दोष." शाळेत तुम्हाला गटारमाळी म्हणत. माझ्यासमोर म्हणत. "हिच्या बाबांच्या बागेत काय उगवतं माहितीये का?" आणि मग हसणं. मी पण हसायचे. ते हसणं मला अजून ऐकू येतं, त्यात माझा आवाज ओळखू येतो.

तुम्ही माझ्यावर एकदाच ओरडलात. दिवाळीच्या आधी आईनं न्हाणीघर साफ करायला अ‍ॅसिड आणलं होतं. फरशी उजळ झाली म्हणून मला मजा वाटली आणि मी उरलेली सगळी बाटली मोरीत रिकामी केली. दोन दिवसांनी हौदातले मासे पोट वर करून तरंगले. तुम्ही घरोघर विचारत आपल्या घरापाशी आलात. मी कबूल केलं. तुम्ही हात उगारला नाहीत. माझं मनगट धरून मला हौदापाशी नेलंत आणि चाळणीनं मासे काढायला लावलंत. सगळे. "मोरीत जे टाकशील ते नाहीसं होत नाही," तुम्ही ओरडून म्हणालात. "ते माझ्या हातात येतं." मग आवाज खाली आणून म्हणालात, "मी नसेन तेव्हा आणखी कुणाच्या तरी." मी रडत होते, त्यामुळे तुम्हाला वाटलं की मला समजलं.

डिप्लोमा झाला, नोकरी लागली. गटारांच्याच खात्यात, म्हणून आईनं पेढे वाटले नाहीत. तुम्ही मात्र ती बाटली जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून मला दिलीत. जाड काचेची, काचेच्याच बुचाची, म्हाताऱ्या साहेबांनी जाताना तुम्हाला दिलेली. "नमुना घेताना आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची," तुम्ही सांगितलंत. मला ते शिकवलेलं होतं. मी म्हटलं, "माहितीये, बाबा." आमच्या ऑफिसात प्लास्टिकचे कॅन होते. बाटली घरीच फळीवर राहिली.

खात्यात तेव्हा एकच वारं होतं. शहर चहूकडे वाढत होतं, जुन्या लाइनी फुटत होत्या. सगळं सांडपाणी मोठ्या नळांतून, पंपांवर उचलत, नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका मोठ्या केंद्रात न्यायचं. तिथे यंत्रं, तिथे लॅब, तिथे शिकलेली माणसं. मला ते मनापासून पटलं होतं. अजूनही त्यातलं बरंच पटतं. ज्या वस्त्यांत मुलं उघड्या गटारावर बसत होती तिथे ती लाइन गेली आणि पुढच्या पावसाळ्यात तिथले जुलाब कमी झाले, हे मी पाहिलं आहे. पण लाइन टाकायची तर सगळ्यांनी तिच्यात यायचं, असा दंडक होता. ज्यांच्याकडे आपली सोय होती त्यांचे नमुने घ्यायचे, नापास झाले की जोडून टाकायचे. पास झाले तर काय, यासाठी फॉर्मवर रकानाच नव्हता. यादीत आपली कॉलनी आली. मी खात्यातल्या माझ्या साहेबांना म्हटलं, हे दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, "का? तुमच्या माहितीतली जागा आहे." आणि मग, फाइल बंद करत, "एका कॉलनीला सोडलं तर उद्या दहा सोसायट्या दारात उभ्या राहतील, मॅडम. आणि तिथला माळी तुमचे वडील. तुम्ही पास म्हणालात तर लोक काय म्हणतील, ते मी सांगायला हवं का?"

मी नमुना घ्यायला आले तो रंगपंचमीनंतरचा तिसरा दिवस होता. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, तुम्हाला नाही. आपल्याकडे रंग धुळवडीला नसतो, पंचमीला असतो, आणि तो एका दिवसात उतरत नाही. कॉलनीतली निम्मी माणसं गावात रहाडीत, रंगानं भरलेल्या त्या जुन्या कुंडात, उड्या मारून आलेली, उरलेल्यांनी पिंपात रंग कालवलेला. त्यानंतर दोन दिवस ऐंशी न्हाणीघरांत घासणं, तेल, साबण, पुन्हा घासणं. हौदातलं पाणी गुलाबी होतं. वर साबणाचा पातळ फेस.

"आज नको घेऊस," तुम्ही म्हणालात.

"आजचा दिवस ठरलाय, बाबा."

"रंग आज खाली उतरलाय. आठवडाभर थांब. निवळेल."

"थांबता येत नाही."

"दरवर्षी होतं हे. तू पाहिलेलं आहेस."

माझ्याबरोबर लॅबचा माणूस होता. तो हसला. "काका, हे पाणी आहे का गुलाबाचं सरबत?"

तुम्हीही हसलात. "प्यायचं थोडंच आहे, मोजायचं आहे ना?" मग हौदाकडे बोट केलंत. "मासे बघा की. जिवंत आहेत. ते कुणाच्या खात्यात नोकरीला नाहीत."

त्याला हे फार आवडलं. मी कॅन तीनदा विसळला, भरला, बर्फाच्या पेटीत ठेवला. फोटो काढला. तुमच्याकडे पाहिलं नाही. रंगाचं मला माहीत होतं, बाबा. लहानपणी त्या दिवसांत तुम्ही मला बातमी वाचायला बोलवत नसायचात. अहवालात मी नमुना घेतल्याचा दिवस लिहिला. आदल्या आठवड्यात कुठला सण होता, ते लिहिलं नाही. पाणी बाद ठरलं. मी लिहिलं, प्रक्रिया असमाधानकारक, आणि खाली सही केली.

नमुना घेतल्याच्या नवव्या दिवशी तुम्ही माझ्या ऑफिसात आलात. सायकलवर, मार्च महिन्याच्या उन्हात, अख्खं शहर ओलांडून. शिपाई मला सांगायला आला, "मॅडम, बाहेर एक जण दूध घेऊन आलाय." तुमच्या हातात दुधाची किटली होती. किटलीत बर्फ, वाटेतल्या रसवंतीवाल्याकडून मागून घेतलेला, आणि बर्फात ती जाड काचेची बाटली. माझी बर्फाची पेटी तुम्ही नीट पाहिली होती. तुमच्या पायांत वहाणा होत्या त्या तुम्ही माझ्या केबिनच्या बाहेर काढल्यात. "तीनदा विसळलीये," तुम्ही म्हणालात. "हा पण पाठव. मग तुझं खातं काय ठरवायचं ते ठरवू दे." मी पाणी विचारलं, तुम्ही नको म्हणालात. बसलाही नाहीत. टेबलावरच्या कागदांना हात न लावता त्यांच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरंय इथं. पंखा आहे."

तुम्ही गेल्यावर मी तो नमुना लॅबमध्ये पाठवला नाही. तो पास झाला असता तर मला अहवाल परत मागवावा लागला असता. साहेबांसमोर उभं राहावं लागलं असतं, माळ्याची मुलगी म्हणून. शिवाय एक गोष्ट मी तेव्हा स्वतःला सांगितली, आणि ती खोटी नव्हती, म्हणून जास्त वाईट होती. तुम्ही थकला होतात. तुमच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या. वाफे बंद झाले तर तुम्ही पुढच्या दारानं घरात याल. मी खिडकीशी असलेल्या बेसिनमध्ये बाटली रिकामी केली.

पंधरा दिवसांनी जेवताना तुम्ही विचारलंत, "आला का?"

मी म्हटलं, "आला. तसाच आला."

"बाद?"

"बाद."

तुम्ही भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून ठेवलात आणि खाल्ला नाहीत. "मग खडी चोंदली असेल," तुम्ही म्हणालात. "दोन वर्षांमागे धुवायला हवी होती. माझंच चुकलं." थोड्या वेळानं विचारलंत, "बाटली?" मी म्हटलं, लॅबमध्ये फुटली. "जाऊ दे," तुम्ही म्हणालात. "काच होती."

त्यानंतरचा एप्रिल मी विसरू शकत नाही. लाइन जोडायला महिनाभर होता. वाफे बुजवायचे हे ठरलेलं होतं, तुम्हालाही माहीत होतं. तरी तुम्ही खडी काढायला घेतलीत. घमेल्यानं, एकट्यानं. एकेक घमेलं नळाखाली धुवायचं, उन्हात पसरायचं, आकारानुसार पुन्हा भरायचं. लोक येता-जाता म्हणायचे, "अहो, बंदच होणार आहे ना हे?" तुम्ही म्हणायचात, "होईल तेव्हा होईल. कुठं अडलं ते तर कळू दे." खडीत काही अडलेलं नव्हतं. मुळं पांढरी होती, निरोगी. ती तुम्ही मला आणून दाखवलीत, तळहातावर ठेवून. "यांना काही झालेलं नाही गं. मग घाण जाते कुठून?" तुम्ही मला विचारत होतात, कारण मी शिकलेली होते. मी म्हटलं, "काही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, बाबा." तुम्ही मान हलवलीत. मे महिन्यात डंपर आला आणि दोन्ही वाफ्यांवर मुरूम पडला. पुढच्या रंगपंचमीला तुम्ही नव्हतात. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. खडीनं काही केलं असं मी म्हणत नाही.

पुढे लोडशेडिंगची वर्षं आली. पाणी खालच्या केंद्रापर्यंत न्यायचं तर ते पंपानं उचलावं लागतं, आणि वीज गेली की पंप थांबतो. माणसं आंघोळी थांबवत नाहीत. तेव्हा एक झडप उघडायची आणि सगळं नाल्यात, नाल्यातून गोदावरीत सोडायचं. त्याची नोंद होत नव्हती, कारण रजिस्टरवर पंप चालू असलेले तासच लिहायचे असत. ते रजिस्टर काही वर्षं माझ्याकडे होतं. मोठं केंद्र वाईट नव्हतं. ते चालू असताना चांगलं चालायचं. आणि लहान ते सगळं चांगलं, असंही मी आता म्हणणार नाही. नव्या सोसायट्यांच्या मागे कुलूपबंद खोल्यांत लहान लहान यंत्रं सडताना मी पाहिली आहेत. चावी कुणाकडे आहे हेही तिथे कुणाला सांगता येत नाही. तुमचे वाफे चांगले होते कारण त्यांच्यावरून रोज पहाटे एक माणूस चालत होता. हे अहवालात लिहायला रकाना नव्हता. पण कोरा कागद होता.

गेल्या महिन्यात आत्याकडे गेले होते, निफाडला. द्राक्षं नुकतीच तुटली होती. मी नदीकडे निघाले तशी तिनं ओट्यावरूनच हाक मारली. "पाय धुवायचे तं हापशावर धू गं बाई. तिकडं नको उतरू. लय खाजतं."

काठापासून काठापर्यंत पाणवेल होती, हिरवी, चालता येईल इतकी दाट. जिथे ती फाटली होती तिथे काळं पाणी आणि पांढरा फेस.

"आमच्या टायमाला इथं भांडी घासायचो," आत्या मागून येऊन म्हणाली. "आता म्हस बी उतरत नाय. तुमचं नाशिक सकाळी उठतं ना, ते इथं दुपारी कळतं आम्हाला." तिनं हात पुढे केले. मनगटापर्यंत लाल चट्टे. "वांगी धुतली नदीच्या पाण्यानं, दोन दिसांत हे. तू त्याच खात्यात हाय ना? मंग सांग की त्यांना."

मी म्हटलं, सांगते.

तिच्या न्हाणीमागे कर्दळ आहे. चांगली पुरुषभर उंच. "तुझ्या बापानं आणली," ती म्हणाली. "वाफे बुजवले ना तुमचे, त्याच्या आदल्या आठवड्यात. एस्टीनं, पोत्यात कंद घालून. खडी बी आणली येड्यानं, पिशवीभर, धुतलेली. म्हणला, आक्का, हे मोरीच्या तोंडाशी लाव. मी म्हणलं, आरं, तुझं तं बाद झालं म्हणत्यात ना? तं म्हणला, माझ्या हातून बाद झालं, कर्दळीचा काय दोष." ती हसली. "नाय तं काय. बघ ना पाणी."

मी वाकून पाहिलं. कर्दळीच्या खालच्या अंगाला वीतभर खड्डा होता, त्यात पाणी झिरपून साठलं होतं. मी ओंजळ भरली. आत्या म्हणाली, "पेऊ नको, खुळे." मी तिच्यासमोर रडले नाही.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही. घरात ठेवायला जागा आहे, टेबलाच्या खालच्या खणात, बाटलीशेजारी. ती फुटली नव्हती. त्या दिवशी ऑफिसातून पिशवीत घालून आणली आणि तुमच्यापासून लपवली. बूच आता घट्ट बसलं आहे, निघत नाही. आणि एक राहिलं. आजवर मी स्वतःला सांगत आले की ते पाणी पास होतं की नापास हे मला कधीच कळलं नाही, कारण ते तपासलंच गेलं नाही. तसं नाही. बेसिनपाशी जाण्याआधी मी ती बाटली उचलून टेबलावरच्या अहवालाच्या प्रतीसमोर धरली होती, तुमच्यासारखी, खिडकीच्या उजेडात. अक्षरं फुगून दिसत होती. मी पहिल्या ओळीपासून माझ्या सहीपर्यंत सगळं वाचलं. कुठेही अडखळले नाही.